स्कॅनच्या दारापर्यंतची वाट

(सिरुसेरी, चेन्नई येथे मराठी श्रोत्यांसमोर झालेल्या स्मृतिव्याख्यानाची मुद्रित संहिता)

१२ फेब्रुवारी २०२० या एका दिवसात चीनच्या हूबेई प्रांतात करोनाचे १४,८४० नवे रुग्ण नोंदले गेले. आदल्या दिवशीचा आकडा दोन हजारांच्या आत होता. विषाणू रातोरात चवताळला नव्हता, बदलले होते ते मोजमाप. तोवर घशातल्या नमुन्याची आरटी-पीसीआर चाचणी पॉझिटिव्ह आली तरच माणूस रुग्ण म्हणून मोजला जाई. त्या दिवसापासून हूबेईत छातीच्या सीटी स्कॅनवर न्यूमोनियाच्या खुणा दिसल्या तरी त्याला रुग्ण धरायचे ठरले. १४,८४० पैकी १३,३३२ जण या नव्या निकषावर नोंदले गेले होते. चीनच्या इतर प्रांतांत हा निकष लागू नव्हता आणि हूबेईतही तो आठवडाभरातच मागे घेतला गेला.

या घटनेत आजचा सगळा विषय सामावलेला आहे. विषाणूजन्य न्यूमोनिया झालेल्या रुग्णांची फुप्फुसे वुहानमध्ये एका तऱ्हेची दिसतात, रोममध्ये दुसऱ्या, अमरावतीत तिसऱ्या आणि चेन्नईत चौथ्या, असे अहवाल गेल्या काही वर्षांत मोठ्या संख्येने आले. त्यांतून दोन टोकाची मते तयार झाली. एका मताप्रमाणे प्रदेशागणिक आजारच वेगळा आहे. दुसऱ्या मताप्रमाणे फुप्फुस म्हणजे फुप्फुस, त्याला कसला आलाय प्रदेश? दोन्ही मते घाईची आहेत. स्कॅनवर दिसणाऱ्या प्रादेशिक फरकांपैकी बराचसा फरक फुप्फुसात नसून तो माणूस स्कॅनच्या दारापर्यंत कोणत्या वाटेने, कितव्या दिवशी आणि कोणाच्या सांगण्यावरून पोहोचला यात असतो. तो वजा केल्यावर जे उरते ते मात्र खरे असते, आणि त्याची दखल घ्यावीच लागते.

आधी स्कॅनमध्ये दिसते काय, ते पाहू. गॉडफ्रे हाऊन्सफील्ड या ब्रिटिश अभियंत्याच्या यंत्रावर लंडनमधल्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात १ ऑक्टोबर १९७१ रोजी पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र निघाले. पुढे १९७९ मध्ये त्याला अ‍ॅलन कॉर्मॅकसह नोबेल मिळाले. सीटीच्या चित्रातला प्रत्येक ठिपका ही खरे तर एक घनता असते. हाऊन्सफील्डच्या मोजपट्टीवर पाणी म्हणजे शून्य आणि हवा म्हणजे उणे एक हजार. निरोगी फुप्फुसात हवाच जास्त, म्हणून ते काळे दिसते. विषाणूमुळे वायुकोशांत आणि त्यांच्या भिंतींत द्रव साचू लागला की घनता वाढते आणि काळ्यावर करडी साय येते. दुधी काचेतून पलीकडचे दिसावे तशा तिच्यातून रक्तवाहिन्या दिसत राहतात. द्रव आणखी वाढला की वाहिन्याही झाकल्या जातात आणि डाग पांढरा, घट्ट होतो. करोनात हे डाग बहुधा दोन्ही बाजूंना, कडेकडेने आणि खालच्या भागात जास्त दिसले. रुग्णालयांच्या बोलीत त्यांना सरसकट ‘पॅचेस’ म्हटले गेले.

पण दुधी काचेचा हा डाग करोनाची मालमत्ता नाही. २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने धुमाकूळ घातला तेव्हाच्या रुग्णांच्या स्कॅनमध्येही असे डाग होते. इतर काही विषाणू, काही औषधे, हृदय थकल्यामुळे फुप्फुसात साचलेले पाणी, यांतही ते दिसतात. स्कॅन फुप्फुसाची प्रतिक्रिया दाखवतो, विषाणूचे नाव सांगत नाही.

आता पहिल्या महिन्यांतले दोन अहवाल शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. वुहानच्या पहिल्या ४१ रुग्णांचा अहवाल जानेवारी २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. त्यांतल्या ४० जणांच्या दोन्ही फुप्फुसांत दोष होता, १३ जणांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले आणि ६ जण दगावले. काही आठवड्यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये झेजियांग प्रांतातल्या ६२ रुग्णांचा अहवाल आला. तिथे अतिदक्षता विभागात गेला फक्त एक जण, आणि अभ्यासाच्या काळात मृत्यू एकही नाही. विषाणू वुहानपासून दूर जाता जाता मवाळ होतोय की काय, अशी आशा तेव्हा अनेकांना वाटली.

आशा समजण्यासारखी होती, पण तिचा पाया कच्चा होता. वुहानचे पहिले रुग्ण सापडलेच मुळी ते फार आजारी पडले म्हणून. कोणाला ठाऊक नसलेला आजार लक्षात येण्यासाठी आधी कोणीतरी गंभीर व्हावे लागते. झेजियांगमध्ये तोवर सगळे सावध होते. वुहानहून आलेली माणसे आणि त्यांच्या संपर्कातली माणसे शोधून तपासली जात होती, त्यामुळे सौम्य आजाराचे रुग्णही रुग्णालयात पोहोचले. पहिल्या यादीत कोण शिरले आणि दुसऱ्या यादीत कोण, हे कळल्याशिवाय दोन प्रांतांच्या फुप्फुसांची तुलना करता येत नाही.

दुसरा मुद्दा दिवसाचा. चीनमधल्या चार केंद्रांतल्या १२१ रुग्णांचा एक अभ्यास त्याच फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला. लक्षणे सुरू होऊन शून्य ते दोन दिवस झालेल्या ३६ जणांपैकी २० जणांचे स्कॅन अगदी स्वच्छ होते. तीन ते पाच दिवस झालेल्या ३३ जणांपैकी फक्त तिघांचे स्वच्छ, आणि सहा ते बारा दिवस झालेल्या २५ जणांपैकी एकाचे. चार दिवसांच्या फरकाने निष्कर्ष असा उलटतो. आता दोन गावे डोळ्यांसमोर आणावीत. एका गावात यंत्र चौकात आहे, लोक ताप आला की दुसऱ्या दिवशी हजर. दुसऱ्या गावात यंत्र जिल्ह्याच्या ठिकाणी आहे, एसटी बंद आहे, रुग्ण आठव्या दिवशी पोहोचतो. पहिल्या गावाच्या अहवालात ‘आजार सौम्य’ असे येईल, दुसऱ्याच्या अहवालात ‘आजार तीव्र’. प्रत्यक्षात फरक आहे तो रस्त्याचा. गडचिरोली आणि पुणे यांच्या स्कॅनची तुलना करणाऱ्याने हा हिशेब आधी मांडला पाहिजे.

सर्वांची वाट सारखी असेल तर काय दिसते, याचे उत्तर एका जहाजाने दिले. ‘डायमंड प्रिन्सेस’ हे ३,७११ प्रवासी आणि कर्मचाऱ्यांचे जहाज फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामा बंदरात अडकले. त्यावर १३८ भारतीय होते, त्यांतले बहुतेक कर्मचारी. अखेरीस ७१२ जणांना संसर्ग झाल्याचे निष्पन्न झाले. जपानच्या स्वसंरक्षण दलाच्या मध्यवर्ती रुग्णालयात त्यांच्यापैकी ११२ जणांचे सीटी केले गेले, लक्षणे असोत वा नसोत. ८२ जणांना काहीच त्रास नव्हता. तरीही त्यांतल्या ४४ जणांच्या फुप्फुसांत डाग होते. लक्षणे असलेल्यांत हे प्रमाण सुमारे ८० टक्के होते. एरवी हे ४४ जण कोणत्याही देशाच्या आकडेवारीत कधीच आले नसते. ते घरी बसले असते, खाल्लेपिल्ले असते आणि बरे झाले असते. दर दहा लाख लोकांमागे शंभराहून अधिक सीटी यंत्रे असलेल्या जपानलाच हा प्रयोग इतक्या सहज करता आला, हीदेखील प्रादेशिक बाबच.

वुहान आणि रोम यांची तुलना तर पाठ्यपुस्तकात घालावी अशी आहे. वुहानच्या तोंगजी रुग्णालयातल्या १,०१४ जणांच्या अभ्यासात पीसीआर पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी ९७ टक्क्यांचे सीटी दोषयुक्त निघाले. रोममधल्या १५८ जणांच्या अभ्यासातही हाच आकडा आला, ९७ टक्के. पण पीसीआर निगेटिव्ह आलेल्यांपैकी किती जणांचा सीटी करोनासारखा दिसत नव्हता, हे पाहिले तर वुहानमध्ये २५ टक्के आणि रोममध्ये ५६ टक्के. यंत्र तेच, खुणा त्याच. वुहानमध्ये साथीने शहर व्यापले होते आणि चाचण्या अपुऱ्या व चुकणाऱ्या होत्या. तिथे ‘निगेटिव्ह’ ठरलेल्यांत खरे रुग्ण बरेच असणार. रोमच्या रुग्णालयात इतर कारणांनी खोकणारी माणसेही रांगेत होती. स्कॅनची अचूकता म्हणून छापलेली टक्केवारी ही अशी त्या शहराच्या त्या महिन्याची टक्केवारी असते. ती दुसऱ्या शहराला जशीच्या तशी लावणे चूक आहे.

महाराष्ट्रात हे सगळे एका शब्दावर येऊन थांबले. तो शब्द होता ‘स्कोअर’.

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत जुन्या महाबलिपुरम रस्त्यावरच्या सदनिकांत राहणाऱ्या, इथल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबांना तो शब्द रोज फोनवर ऐकू येत होता. नागपूर, नाशिक, लातूर, सोलापूर. “बाबांचा स्कोअर किती आला?” “अकरा.” “पंचवीसपैकी की चाळीसपैकी?” हा पुढचा प्रश्न सुचायला लोकांना थोडे दिवस लागले. फुप्फुसाचे पाच खंड धरून प्रत्येकाला पाचपैकी गुण देण्याची पद्धत एक, आणि वीस भाग करून प्रत्येकाला दोनपैकी गुण देण्याची दुसरी. पहिलीत एकूण २५, दुसरीत ४०. पंचवीसपैकी अकरा म्हणजे मध्यम आजार आणि चाळीसपैकी अकरा म्हणजे त्यापेक्षा बराच कमी. दोन केंद्रांचे अहवाल व्हॉट्सअ‍ॅपवरून एकाच डॉक्टरकडे गेले की गोंधळ अटळ होता. शिवाय स्कोअर डागांची व्याप्ती सांगतो. रक्तातला प्राणवायू किती आहे, हे बोटाला लावायचे छोटे यंत्र अधिक थेट सांगते. फ्लाइशनर सोसायटी या छातीच्या प्रतिमातज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने एप्रिल २०२० मध्येच म्हटले होते की सौम्य आजारात, आजार वाढण्याचा धोका नसेल तर, स्कॅनची गरज नाही. तो सल्ला आपल्याकडे पोहोचला, पण स्वीकारला गेला नाही, आणि त्याचे कारण लोकांचे अज्ञान नव्हते. पीसीआरचा अहवाल यायला दिवसचे दिवस लागत होते, खाट मिळवायला कागद लागत होता, आणि स्कॅनचा कागद संध्याकाळी हातात पडत होता. घाबरलेल्या माणसाने जो दरवाजा उघडा होता तो ठोठावला. त्याला दोष देणे अन्यायाचे आहे.

त्याआधी, सप्टेंबर २०२० मध्ये, महाराष्ट्र सरकारने एचआरसीटीचे, म्हणजे छातीच्या बारकाईच्या सीटीचे, कमाल दर ठरवले होते. सोळा स्लाइसपेक्षा (एका फेरीतल्या कापांपेक्षा) कमी क्षमतेच्या यंत्रावर २,००० रुपये, १६ ते ६४ स्लाइसला २,५०० आणि त्यावर ३,०००. हा निर्णय ग्राहकांच्या सोयीचा होताच, पण संशोधकासाठीही त्यात एक माहिती दडलेली आहे. एकाच राज्यात तीन पिढ्यांची यंत्रे शेजारीशेजारी चालत होती. जाड कापांच्या जुन्या चित्रात फिकट डाग हरवतो, पातळ कापांच्या नव्या चित्रात तोच स्पष्ट दिसतो. ३ मे २०२१ रोजी दिल्लीच्या एम्सचे संचालक रणदीप गुलेरिया यांनी एक सीटी म्हणजे ३०० ते ४०० एक्स-रे, असा इशारा दिला. इंडियन रेडिऑलॉजिकल अँड इमेजिंग असोसिएशनने लगेच आक्षेप घेतला आणि आधुनिक, अत्यल्प मात्रेच्या स्कॅनला पाच ते दहा एक्स-रेंइतकाच किरणोत्सर्ग लागतो असे सांगितले. वाचणाऱ्यांना वाटले, दोघांपैकी एक खोटे बोलतोय. खरे तर मात्रा यंत्रावर आणि ते चालवण्याच्या पद्धतीवर ठरते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २८ देशांतल्या ५४ केंद्रांची पाहणी केली तेव्हा करोना रुग्णांच्या स्कॅनची पद्धत आणि मात्रा केंद्रागणिक फार वेगळी निघाली. गुलेरियांचा मूळ सल्ला, सौम्य आजारात उगाच स्कॅन करू नका हा, आकड्याच्या वादात वाहून गेला याचे वाईट वाटते.

तमिळनाडूची वाट निराळी होती. २०२० मध्ये अनेक राज्ये झटपट अँटिजेन चाचण्यांकडे वळली, तेव्हा या राज्याने आरटी-पीसीआरच धरून ठेवली. त्यामुळे इथल्या रुग्णालयांच्या यादीत शिरण्याचा दरवाजा प्रामुख्याने पीसीआरचा राहिला. महाराष्ट्रातल्या एखाद्या खासगी केंद्राच्या यादीत स्कॅन करूनच रुग्ण ठरलेली माणसे असतील आणि तमिळनाडूतल्या यादीत आधी चाचणी झालेली, तर दोन्हींच्या स्कॅनची टक्केवारी समोरासमोर ठेवून मराठी आणि तमिळ फुप्फुसांबद्दल काही बोलणे निरर्थक आहे. देशपातळीवरही तेच. सुरुवातीच्या आठवड्यांत पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकाला, लक्षणे नसली तरी, रुग्णालयात किंवा केंद्रात ठेवले जाई. सौम्य रुग्णांना घरी राहण्याची मुभा केंद्राने २७ एप्रिल २०२० रोजी दिली. त्या तारखेच्या अलीकडचे आणि पलीकडचे अहवाल एकाच रुग्णालयाचे असले तरी दोन वेगळ्या देशांचे असल्यासारखे वाचावे लागतात.

इथवर ऐकून कोणी म्हणेल, मग प्रदेश हा सगळा भासच का? तसे नाही, आणि ते सांगायला सिरुसेरीइतकी योग्य जागा क्वचितच असेल.

सिरुसेरी ज्या चेंगलपट्टू जिल्ह्यात येते तो जिल्हा नोव्हेंबर २०१९ मध्ये नव्याने झाला, पण त्याचे नाव वैद्यकशास्त्राच्या इतिहासात अर्धशतक जुने आहे. १९६८ मध्ये त्या वेळच्या मोठ्या चिंगलपुट (हे चेंगलपट्टूचेच इंग्रजी रूप) जिल्ह्यात, आजच्या तिरुवळ्ळूरच्या बाजूच्या गावांत, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने जागतिक आरोग्य संघटना आणि अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेच्या साहाय्याने क्षयाविरुद्धच्या बीसीजी लशीची प्रचंड चाचणी सुरू केली. अडीच लाखांहून अधिक लोकांना लस किंवा निष्क्रिय द्रव टोचला गेला. दर अडीच वर्षांनी पथके गावोगाव फिरत, छातीचे छोटे एक्स-रे काढत आणि संशयितांची थुंकी तपासत. ब्रिटनमध्ये १९५० मध्ये सुरू झालेल्या, सुमारे ५४ हजार शाळकरी मुलांच्या चाचणीत याच लशीने तीन चतुर्थांशांहून अधिक संरक्षण दिले होते. चिंगलपुटमध्ये प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयाविरुद्ध संरक्षण मिळालेच नाही. पंधरा वर्षे पाठपुरावा केल्यावरही निष्कर्ष तोच राहिला, लहान मुलांना मात्र थोडा फायदा दिसला.

या निकालाने जग चक्रावले. त्याचे सर्वाधिक चर्चिले गेलेले स्पष्टीकरण मातीतले आहे. दक्षिण भारताच्या माती-पाण्यात क्षयजंतूंचे निरुपद्रवी चुलतभाऊ मुबलक आहेत. लहानपणापासून त्यांच्याशी गाठ पडल्याने इथल्या लोकांची प्रतिकारशक्ती आधीच एका दिशेने घडलेली असते, आणि लशीला नवे काही करायला जागा उरत नाही. ही लस तिथे चालली म्हणून इथे चालेलच, हे गृहीत धरता येत नाही, याचा इतका भक्कम पुरावा दुसरा नाही. आणि तो मिळाला कारण वाट सर्वांसाठी सारखी ठेवली होती. कोण आजारी आहे याची वाट न पाहता पथके प्रत्येकाच्या दारात गेली. प्रादेशिक फरक शोधण्याची पद्धत हीच.

विषाणूजन्य न्यूमोनियाच्या स्कॅनमध्ये जे खरे प्रादेशिक फरक आहेत, त्यांत क्षय पहिला. चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेच्या पुढाकाराने २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा वर्षांवरच्या दर लाख लोकांमागे ३१६ जणांना जंतुपरीक्षणाने सिद्ध झालेला फुप्फुसाचा क्षय आढळला. दिल्लीत हे प्रमाण ५३४ आणि केरळात ११५. म्हणजे दिल्लीतल्या आणि कोचीतल्या रेडिओलॉजिस्टसमोर येणारी ‘आधीची’ फुप्फुसे सारखी नाहीत. क्षय बरा झाल्यावरही वरच्या भागात चट्टे, आक्रसलेला खंड, चुनखडीचे ठिपके, कधी पोकळी मागे राहते. त्यावर विषाणूचा नवा डाग पडला की जुने काय आणि नवे काय, हे ओळखायला डोळा तयार असावा लागतो. नेदरलँड्समध्ये तयार झालेली को-रॅड्स ही स्कॅनवरून करोनाच्या संशयाची पायरी ठरवणारी पद्धत आपल्याकडेही वापरली गेली. ती उपयुक्त आहे, पण ज्या देशात क्षय दुर्मीळ आहे तिथल्या फुप्फुसांवर ती घडली आहे, हे विसरून चालत नाही.

दुसरा खरा फरक मधुमेहाचा. चेन्नईच्याच मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनने केलेल्या देशव्यापी अभ्यासात मधुमेहींचे प्रमाण गोव्यात २६.४ टक्के आणि उत्तर प्रदेशात ४.८ टक्के निघाले. करोना मधुमेहींना अधिक गंभीर गाठतो. तेव्हा पणजी आणि प्रयागराज इथल्या स्कॅनमध्ये फरक आढळला तर विषाणूकडे बोट दाखवण्यापूर्वी वय आणि साखर जुळवून पाहावी. तिसरा फरक काळाचा, जो प्रदेशाच्या रूपात समोर येतो. करोना विषाणूचा बी.१.६१७ हा वंश आधी महाराष्ट्रात लक्षात आला आणि त्याची डेल्टा शाखा जगभर गेली. ओमायक्रॉन आल्यावर हाँगकाँग विद्यापीठातल्या प्रयोगांत तो श्वासनलिकेच्या फांद्यांत डेल्टापेक्षा सुमारे ७० पट वेगाने वाढताना दिसला, फुप्फुसाच्या ऊतीत मात्र बराच मंद. त्या लाटेत स्कॅनवरचा न्यूमोनिया कमी दिसला यात नवल नाही. तोवर लसीकरणही झाले होते.

आणि वाचणारा माणूस? १९४७ मध्ये अमेरिकेत क्षयाच्या एक्स-रे फिल्म पाच अनुभवी वाचकांना दाखवल्या गेल्या. दोषयुक्त फिल्मांपैकी सुमारे एक तृतीयांश बाबतीत त्यांचे आपसांत जुळले नाही आणि तीच फिल्म पुन्हा दाखवल्यावर सुमारे एक पंचमांश बाबतीत स्वतःशीही जुळले नाही. आजचा रेडिओलॉजिस्ट आणि आजचे यंत्र कितीतरी सरस आहेत. पण एप्रिल २०२१ मध्ये रात्री दोन वाजता ढिगाने स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरची परिस्थिती सरस नव्हती.

म्हणूनच संगणकाला वाचायला शिकवण्याची कल्पना पुढे आली, आणि इथे हा विषय सिरुसेरीच्या अंगणात येतो. टाटा कन्सल्टन्सीचा विशाल परिसर आणि सी. एस. शेषाद्री यांनी उभी केलेली चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट एकाच गावात आहेत. ज्या गणितावर असे वाचक घडतात ते इथे शिकवले जाते, आणि ते घडवणारे हात इथे नोकरीला आहेत. त्यांच्यापुढे एक उदाहरण ठेवायला हवे. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी तीन संस्थांचे दीड लाखांहून अधिक छातीचे एक्स-रे वापरून न्यूमोनिया ओळखणारी प्रणाली तपासली. माउंट सायनाय रुग्णालयाच्या चित्रांत न्यूमोनियाचे प्रमाण ३४ टक्के होते, बाकी दोन संस्थांच्या चित्रांत एक टक्क्याच्या आसपास. चित्र कोणत्या रुग्णालयातले आहे, हे संगणक ९९.९ टक्क्यांहून अधिक अचूकतेने ओळखू लागला. रुग्णालय ओळखले की निम्मे उत्तर मिळतेच, फुप्फुस न पाहताही. बाहेरच्या रुग्णालयाच्या चित्रांवर त्याची कामगिरी घसरली.

करोनात हीच चूक मोठ्या प्रमाणावर झाली. अनेक संघांनी ‘करोना नसलेला’ गट म्हणून ग्वांगझूच्या रुग्णालयातल्या एक ते पाच वर्षांच्या मुलांचे एक्स-रे घेतले. संगणक करोना शिकला की मूल आणि प्रौढ यांतला फरक, कोणास ठाऊक. नामांकित नियतकालिकातल्या एका अभ्यासात करोनाचे २१९ रुग्ण चीनच्या हूनान प्रांतातले होते आणि इतर विषाणूजन्य न्यूमोनियाचे २०५ रुग्ण अमेरिकेच्या र्‍होड आयलंडमधले. करोनात डाग कडेने जास्त, ८० टक्के विरुद्ध ५७ टक्के, असे त्यात दिसले. निरीक्षण बहुधा बरोबरच आहे, पुढच्या अनुभवाशी ते जुळते. तरीही आजार आणि प्रदेश एकत्र बांधले गेले की कोणत्या फरकाचे श्रेय कोणाला, हे त्या आकड्यांतून सुटत नाही. २०२१ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी अशा २,२१२ शोधनिबंधांची छाननी केली. निकषांत बसले ६२. रुग्णावर वापरण्यायोग्य एकही नव्हता. बुद्धीची कमतरता हे त्याचे कारण नाही. ही मंडळी बुद्धिमान होती आणि त्यांचा हेतू चांगला होता. त्यांना चित्रे मिळाली, चित्रांची वाट मिळाली नाही.

उलट उदाहरणही आहे, आणि ते मुंबईचे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या क्युअर.एआय या कंपनीची एक्स-रे वाचणारी प्रणाली क्षयाच्या तपासणीत अनेक देशांत वापरली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये पंधरा वर्षांवरच्या व्यक्तींच्या क्षय-चाळणीसाठी माणसाऐवजी संगणकीय वाचन चालेल असे मान्य केले. त्याच मार्गदर्शनात एक अट महत्त्वाची आहे: कोणत्या गुणांवर संशय धरायचा ती रेषा प्रत्येक ठिकाणच्या लोकसंख्येनुसार ठरवावी. नैरोबीची रेषा नंदुरबारला लागू नाही, हे यंत्रानेही मान्य केले आहे.

नंदुरबारची, चंद्रपूरची, चेंगलपट्टूची रेषा आखायची तर लागणारी चित्रे आपल्याकडे आहेत. दोन लाटांमध्ये भारतात छातीचे जितके सीटी झाले तितके त्याआधी कधी झाले नव्हते. मात्र त्यांतल्या बहुसंख्य स्कॅनसोबत लक्षणांचा पहिला दिवस नोंदलेला नाही, स्कॅन कोणी आणि का सांगितला ते नाही, पूर्वी क्षय झाला होता का ते नाही, काप किती जाडीचे होते ते यंत्राच्या नोंदीत आहे पण अहवालात नाही. डॉक्टरांच्या नियामक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. दुसऱ्या लाटेतल्या नोंदींची ती मुदत २०२४ मध्ये उलटली. सर्व्हरवरची जागा मोकळी करायची म्हणून ही चित्रे पुसायला आता या नियमाची आडकाठी नाही. ज्या रुग्णालयांकडे आणि केंद्रांकडे ती अजून आहेत त्यांनी ती पुसण्याआधी रुग्णांची नावे काढून टाकावीत, केसपेपर उघडून लक्षणांचा दिवस, वय, मधुमेह, जुना क्षय, लशीची तारीख आणि पीसीआरचा निकाल त्यांना जोडावा, आणि ती जिल्हावार जपावीत. हे काम वैद्यकीय महाविद्यालयांतल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जमण्यासारखे आहे, आणि त्यासाठी लागणारी संगणकीय मदत या सभागृहापासून चालत जाण्याच्या अंतरावर उपलब्ध आहे.